चहादाणी

(चहादाणी इंग्लंडात कशी आली, ती कशी बनते, कशी वापरतात आणि काही लोक ती का जमवतात, याची माहिती या पाठात दिली आहे. घरात चहादाणी असेल, तर ती समोर ठेवून पाठ वाचा.)

‘चहादाणी’ हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत आपण ‘चायदानी’ म्हणतो. ‘दान’ किंवा ‘दानी’ म्हणजे एखादी वस्तू ठेवण्याचे साधन. हा प्रत्यय फारसीतून आला. उर्दूत कलमदान, पानदान, सुरमादानी असे शब्द आहेत. मराठीत फुलदाणी, अत्तरदाणी, पिकदाणी आहेत. मराठीत ‘नी’चा ‘णी’ झाला, एवढाच फरक.

शब्द ओळखीचा आहे, पण वस्तूची ओळख करून घ्यावी लागेल. पुष्कळ लोक चहादाणीलाच किटली म्हणतात. खरी किटली चुलीवर ठेवतात आणि तिच्यात पाणी उकळतात. चहाच्या दुकानातून जी ॲल्युमिनियमची किटली येते, तिच्यात चहा आधीच तयार असतो. चहादाणीचे काम याहून वेगळे आहे. ती कधीच विस्तवावर ठेवत नाहीत. तिच्यात चहाची पाने घालतात, वरून उकळते पाणी ओततात, झाकण लावतात आणि काही मिनिटे थांबतात. पाने पाण्यात मुरतात व चहा तेथेच तयार होतो. आपण दूध, साखर, आले घालून चहा पातेल्यात उकळतो आणि गाळतो. असा चहा चहादाणीत भरला, तर ती केवळ चहा गरम ठेवण्याचे भांडे होते. त्यात वाईट काही नाही. पण चहादाणीचा आकार असा का आहे, हे त्यावरून कळत नाही.

चहा चीनचा आणि चहादाणीही चीनचीच. तेथील यीशिंग या गावी लाल-तपकिरी मातीच्या लहान लहान चहादाण्या बनत. सतराव्या शतकात चहाच्या पेट्यांबरोबर त्या जहाजांतून युरोपात पोहोचल्या. लंडनमध्ये सॅम्युएल पेपिस नावाचा एक सरकारी अधिकारी रोजनिशी लिहीत असे. आपण प्रथमच चहा प्यालो, अशी नोंद त्याने २५ सप्टेंबर १६६० रोजी केली आहे. पुढे १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झाला. पोर्तुगालच्या राजघराण्यात चहा रुळलेला होता. राणीमुळे इंग्लंडच्या दरबारातही चहा पिणे प्रतिष्ठेचे झाले. याच विवाहात पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला हुंडा म्हणून दिले. राजाने १६६८ साली ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. मुंबई आणि इंग्लंडचा चहा यांचा संबंध असा एका लग्नापासूनचा आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १६७० साली, लॉर्ड बर्कले यांनी कंपनीच्या समितीला चांदीची एक चहादाणी भेट दिली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इंग्लंडात बनलेली, माहीत असलेली ही सर्वांत जुनी चांदीची चहादाणी. ती उंच आणि वर निमुळती आहे. आज कोणीही तिला कॉफीचे भांडे म्हणेल. ती चहादाणी आहे हे तिच्यावर कोरलेल्या मजकुरामुळेच कळते. चहादाणी कशी दिसावी, हे इंग्रज कारागिरांचे तेव्हा ठरलेले नव्हते, असे यावरून वाटते.

त्या काळी चहा फार महाग होता. घरची मालकीण चहाची पेटी कुलपात ठेवी आणि किल्ली स्वतःजवळ बाळगी. म्हणून जुन्या चहादाण्या इतक्या लहान आहेत, की आपल्याला त्या खेळण्यातल्या वाटतील. सरकारने चहावर भारी जकात बसवली होती. (मराठीत ‘जकात’ म्हणजे मालावरचा कर. आपण गरिबांना देतो ती जकात वेगळी. शब्द एक, पण अर्थ दोन.) हा कर इतका वाढला, की चोरटा व्यापार फोफावला. शेवटी १७८४ साली पंतप्रधान विल्यम पिट यांनी तो ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. चहा स्वस्त झाला, सामान्य घरांत पोहोचला आणि चहादाणीचे पोटही वाढले.

आता चहादाणीकडे नीट पाहू. पोट, तोटी, कान आणि झाकण असे तिचे चार भाग आहेत. पोट गोल असते, कारण गोल आकारात पाण्याबरोबर पाने मोकळी फिरतात आणि उष्णताही लवकर बाहेर जात नाही. तोटी जेथे पोटाला जोडलेली असते, तेथे आतून बारीक छिद्रे असतात. तीच तिची गाळणी.

तोटीचे टोक निदान चहादाणीच्या काठाइतके उंच असावे लागते. जोडलेल्या भांड्यांत पाण्याची पातळी सारखी राहते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. तोटी बुटकी असेल, तर भांडे भरण्याआधीच पाणी तोटीतून वाहू लागेल. बाजारात चहादाणी घेताना दुकानदार तिची नक्षी दाखवतो. आपण आधी तोटीची उंची पाहावी.

झाकणावर एक बारीक भोक असते. ते नक्षीसाठी नाही. चहा बाहेर येतो तेव्हा त्याची जागा घेण्यासाठी हवा आत जावी लागते. घट्ट बसणाऱ्या झाकणाचे भोक बोटाने बंद केले, तर धार अडखळते किंवा थांबते. मँचेस्टरच्या जॉन रॉइल यांनी याच हवेचा उलटा उपयोग करून १८८६ साली एका चहादाणीचे पेटंट घेतले. तिचे झाकण पिचकारीच्या दट्ट्यासारखे होते. झाकण वर ओढायचे, भोकावर बोट ठेवायचे आणि झाकण खाली दाबायचे. मग चहादाणी न उचलताच तोटीतून चहा कपात येई. मोठी जड चहादाणी उचलून हात दुखणाऱ्यांना हे सोयीचे वाटले असणार.

आणि थेंब! चहा ओतून झाला की शेवटचा थेंब तोटीच्या खालून ओघळतो आणि टेबलावरच्या कापडावर डाग पडतो. हळू ओतले तर सगळी धारच तोटीला चिकटून खाली येते. या साध्या दिसणाऱ्या गोष्टीने शास्त्रज्ञांना बरेच दमवले. मार्कुस रायनर यांनी १९५६ साली तिला ‘चहादाणी परिणाम’ असे नाव दिले. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०२१ साली तिचे सविस्तर गणित मांडले. तोटीच्या काठाखाली द्रवाचा एक थेंब टिकून राहतो, काठ ओला राहतो आणि ओतण्याचा वेग कमी झाला की तोच थेंब धारेला आपल्याकडे वळवतो. म्हणून तोटीचा काठ जाड व गोलसर नसावा, धारदार असावा. आणि ओतताना कचरू नये. तोटीच्या टोकाखाली किंचित लोणी लावण्याची जुनी युक्तीही आहे. लोण्याला पाणी चिकटत नाही.

इंग्लंडातील बहुतेक मातीच्या चहादाण्या एकाच भागातल्या. स्टॅफर्डशर परगण्यात बर्स्लम, हॅन्ली, लाँग्टन अशी सहा गावे होती. माती आणि दगडी कोळसा दोन्ही तेथे जमिनीतच मिळत. आता या सहांचे मिळून स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर झाले आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी एलर्स नावाच्या दोन भावांनी येथे चिनी पद्धतीच्या लाल चहादाण्या केल्या. त्यांच्यानंतरचा सर्वांत मोठा कुंभार म्हणजे जोसाया वेजवुड (१७३०–१७९५). लहानपणी देवी आल्यामुळे त्याचा गुडघा कायमचा अधू झाला. कुंभाराचे चाक पायाने फिरवावे लागे. ते त्याला जमेना. म्हणून त्याने माती, रंग आणि झिलई यांचे प्रयोग सुरू केले. त्याची फिकट पिवळसर भांडी शार्लट राणीला आवडली आणि ती ‘क्वीन्स वेअर’ या नावाने विकली जाऊ लागली. पुढे जोसाया स्पोड याच्या कारखान्यात ‘बोन चायना’ ही चिनी माती तयार झाली. ‘बोन’ म्हणजे हाड. या मातीत जवळजवळ निम्मी गुरांच्या हाडांची राख असते. तिच्यामुळेच भांडे पांढरेशुभ्र आणि पातळ असूनही मजबूत होते. उजेडासमोर धरले, तर आपल्या बोटांची सावली त्यातून दिसते.

ही सुंदर भांडी भाजण्यासाठी बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्या होत्या. एके काळी त्या भागात अशा दोन हजारांहून अधिक भट्ट्या धूर ओकत असत. आता पन्नासाहूनही कमी उरल्या आहेत, त्याही विझलेल्या. झिलईत शिसे असे. भांडी झिलईत बुडवणाऱ्या कामगारांना शिशाची विषबाधा होई. सुक्या मातीची धूळ फुप्फुसांत जाऊन कितीतरी जण खोकून खोकून मरत. तुमच्याहून लहान मुलेही तेथे कामाला होती. कारागीर साच्यावर ओले भांडे घडवी आणि मुलगा तो साचा उचलून तापलेल्या खोलीत पळत जाई, तेथे तो ठेवून रिकामा साचा घेऊन पळत परत येई. दिवसभर हेच. सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने १८४१ साली या मुलांच्या स्वतः तोंडी दिलेल्या हकिकती लिहून घेतल्या. चहादाणीवर कारखान्याचा शिक्का असतो. या मुलांचे नाव नसते.

चहादाणीशेजारी साखरेचे भांडे असे, त्याचीही एक गोष्ट आहे. ती साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या कष्टांतून येई. वेजवुडने १७८७ साली गुलामगिरीविरुद्ध एक लहान पदक तयार केले. त्यावर साखळदंडांनी जखडलेला गुलाम गुडघे टेकून बसलेला आहे. पुढे १८२०च्या सुमारास, ही साखर गुलामांनी केलेली नाही, असे लिहिलेली साखरेची भांडी इंग्लंडात विकली जात. आलेल्या पाहुण्याला चहाबरोबर घरच्या माणसांचे मतही कळे.

चहादाणी वापरावी कशी? आधी तिच्यात थोडे गरम पाणी घालून, फिरवून ओतून टाकतात. थंड भांडे पाण्याची उष्णता ओढून घेते. शिवाय पातळ चिनी माती अचानक उकळत्या पाण्याने तडकू शकते. मग पाने घालून उकळते पाणी ओततात. वर लोकरीची जाड टोपी घालतात. तिला टिकोझी म्हणतात. जॉर्ज ऑर्वेल या लेखकाने १२ जानेवारी १९४६च्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या वृत्तपत्रात चहा करण्याचे अकरा नियम सांगितले. हा लेखक बिहारमधील मोतिहारीत जन्मला होता. चहादाणी चिनी मातीची किंवा साध्या मातीची असावी, चांदीची नको आणि एनॅमलची तर नकोच, असे त्याचे मत होते. चांदीतून उष्णता फार लवकर जाते, हे खरे. म्हणून तर चांदीच्या चहादाणीच्या कानात हस्तिदंताच्या चकत्या बसवत, नाहीतर हात भाजे. १९८० साली चहा करण्याचे एक आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि मुरण्यासाठी ६ मिनिटे! पण ते चव तपासणाऱ्यांसाठी आहे, सगळ्यांचे नमुने सारखे व्हावेत म्हणून. घरी सहा मिनिटे मुरलेला चहा पुष्कळांना कडू लागेल.

चहादाणी आतून काळी पडली की ती घासू नये, असे काही इंग्रज घरांत मानतात. यीशिंगच्या बिनझिलईच्या चहादाणीला ते लागू आहे, कारण ती माती साबण शोषून घेते. झिलई असलेल्या भांड्याला मात्र तसे काही नाही. खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून ठेवले की डाग निघतात.

आता जमवणाऱ्यांकडे वळू. नॉर्विच शहरातील किल्ल्याच्या संग्रहालयात तीन हजारांहून अधिक ब्रिटिश चहादाण्या आहेत. फुलकोबीच्या आकाराच्या आहेत, प्राण्यांच्या आकाराच्या आहेत. लेस्टरच्या रॉबर्ट जॉन्सन यांनी १९१७ साली पेटंट घेतलेली चौकोनी चहादाणीही प्रसिद्ध आहे. तिची तोटी व कान बाहेर आलेले नाहीत, त्यामुळे ती फुटत नाही आणि एकावर एक रचता येते. ‘क्वीन मेरी’ या प्रचंड जहाजावर अशा चहादाण्या होत्या. हलत्या बोटीवर तिची उपयुक्तता सहज कळते.

जमवणारे काय पाहतात? तळाचा शिक्का, झिलई, झाकण मूळचे आहे की दुसरीकडचे, तोटीचे टोक शाबूत आहे का. पण फुटकी चहादाणीही टाकाऊ नसते. पूर्वी तडकलेल्या भांड्याला बारीक भोके पाडून धातूचे टाके घालत आणि तुटलेल्या तोटीच्या जागी चांदीची किंवा पत्र्याची तोटी बसवत. इंग्लंडातील एका लिलावात २०१६ साली निळ्या-पांढऱ्या रंगाची एक चहादाणी १५ पौंडांना विकली गेली. झाकण नव्हते आणि कान चिकटवलेला होता. नंतर तज्ज्ञांनी ओळखले, की स्टॅफर्डशरहून अमेरिकेत गेलेल्या जॉन बार्टलम या कुंभाराने ती १७६५ ते १७६९च्या दरम्यान केली आहे. अमेरिकेत बनलेल्या चिनी मातीच्या अगदी पहिल्या भांड्यांपैकी ती एक. २०१८ साली तिच्यावर ४,६०,००० पौंडांची बोली लागली आणि ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने घेतली. मात्र इतक्या जुन्या चहादाणीत चहा करून पिऊ नये. झिलईला बारीक तडे गेले असतील, तर तिच्यातील शिसे चहात उतरू शकते.

आपल्याकडेही पुष्कळ घरांत काचेच्या कपाटात एक टी-सेट असतो. लग्नात आलेला असतो, नाहीतर आखातातून कोणी भेट आणलेला असतो. कप अधूनमधून बाहेर निघतात, पण चहादाणी निघत नाही. ती पुसून पुन्हा जागेवर ठेवतात. म्हणून ती टिकते. इंग्लंडातही असेच झाले. जी चहादाणी पाहुण्यांसाठी होती, ती कपाटात राहिली आणि संग्रहालयात गेली. जी दिवसातून पाच वेळा भरली गेली, ती कधीतरी हातातून निसटली आणि केरात गेली. त्यामुळे श्रीमंतांच्या चहाविषयी आपल्याला पुष्कळ माहिती मिळते, खाणीत किंवा गिरणीत जाणाऱ्या माणसाच्या चहाविषयी फार थोडी.

‘ब्राऊन बेटी’ हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. स्टॅफर्डशरची लाल माती, वर गडद तपकिरी झिलई, गोल पोट, नक्षी काही नाही. डाग दिसत नाहीत, चहा बराच वेळ गरम राहतो आणि किंमत कमी. इंग्लंडात सर्वांत अधिक वापरली गेलेली ही चहादाणी. पण स्वस्त म्हणून तिच्या जुन्या नमुन्यांकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. इयान मॅकिन्टायर या डिझायनरने काही वर्षे जुन्या ब्राऊन बेटी शोधून त्यांचा अभ्यास केला. अल्कॉक, लिंडली अँड ब्लूर या जुन्या कारखान्याने ओतताना न पडणारे झाकण आणि थेंब न गळणारी तोटी केली होती. नंतरच्या काळात या सोयी मागे पडल्या होत्या. मॅकिन्टायरने त्या पुन्हा आणल्या आणि झाकण उलटे करून आत बसेल असे केले. त्यामुळे हॉटेलात या चहादाण्या एकावर एक रचून ठेवता येतात. माती मात्र त्याने तीच ठेवली.

शब्दार्थ
हुंडा – जहेज. तोटी – टोंटी. झिलई – भांड्यावरील काचेसारखा चमकदार थर. साचा – सांचा. अधू – कमजोर. शिसे – सीसा (एक धातू). देवी – चेचक. शाबूत – साबुत, न फुटलेले.

स्वाध्याय
१. चहादाणी आणि किटली यांत कोणता फरक आहे?
२. जुन्या चहादाण्या आकाराने लहान का होत्या?
३. साचे घेऊन पळणाऱ्या मुलांविषयी चार-पाच वाक्ये लिहा.
४. ‘दाणी’ हा प्रत्यय असलेले आणखी दोन मराठी शब्द शोधा. त्यांचे उर्दू रूप लिहा.
५. करून पाहा : चहादाणीत थंड पाणी भरा. झाकणाचे भोक बोटाने बंद करून पाणी ओता, मग बोट काढून ओता. काय फरक दिसला, ते वर्गात मराठीत सांगा.